काटा कुठे लावायचा: ईईजी प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

नव्या विश्लेषणाला आज सुरुवात. ईईजीची, म्हणजे डोक्यावरून मोजलेल्या मेंदूलहरींची, रेकॉर्डिंगं हातात आहेत. श्रोत्यांनी डोक्यावर ६४ इलेक्ट्रोडची टोपी घालून सलग मराठी कथावाचन ऐकलं. मधे बटण दाबणं नाही, शब्द ओळखणं नाही. प्रत्येक भागानंतर गोष्ट समजली का हे पाहणारे दोन-चार सोपे प्रश्न, एवढंच. ऐकताना माणूस शक्य तितका नेहमीसारखा ऐकत असावा, हा हेतू.

प्रश्न एका ओळीत मावतो. शब्द किती अनपेक्षित आहे, किती वापरातला आहे, किती लांब आहे, त्या क्षणी आवाज किती चढा आहे. यातल्या प्रत्येकाचा मेंदूलहरींवर स्वतंत्रपणे किती परिणाम होतो? अवघड आहे ते ‘स्वतंत्रपणे’. बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

हे सगळे गुणधर्म सलग आहेत. शब्द ‘अपेक्षित’ किंवा ‘अनपेक्षित’ असा दोनच जातींचा नसतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली दाखवलं, की वाक्याच्या शेवटी अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांच्या आसपास विद्युतदाब ऋण बाजूला झुकतो. तोच एन४००. चारच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच दोघांनी दाखवलं की यासाठी विसंगती लागतच नाही. शब्द जितका कमी अपेक्षित, तितका एन४०० मोठा. म्हणजे हा चढउतार पायऱ्यांचा नसून उताराचा आहे, हे चाळीस वर्षं ठाऊक आहे. तरी त्यानंतरचे कितीतरी प्रयोग दोन कप्प्यांतच मांडले गेले, कारण सरासरी काढायला कप्पे लागतात.

५ जून

गटात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "शब्दांचे मधोमध दोन गट पाडले तर आलेख स्वच्छ दिसतो. बिघडतं काय?" तोंडी उत्तर देण्याऐवजी कृत्रिम डेटा बनवून दाखवला. असा डेटा हाताशी असलेला बरा. खरं उत्तर आपल्याला माहीत असतं, म्हणून पद्धत खोटं बोलली की लगेच पकडली जाते.

घंटाकृती वितरण असलेला एक गुणधर्म घ्या आणि त्याला मध्यकावर कापून ‘वरचे’ व ‘खालचे’ करा. प्रतिसादाशी असलेला सहसंबंध मूळच्या सुमारे ०.८ पट उरतो. त्याचा वर्ग केला की प्रतिसादातल्या चढउताराचा जेवढा वाटा हा गुणधर्म समजावून देतो, तो मूळच्या ६४ टक्क्यांवर येतो. जेकब कोहेन यांनी १९८३ मध्येच हा हिशेब मांडला होता. एक तृतीयांशाहून जास्त डेटा स्वतःच्या हाताने फेकून देण्यासारखं आहे हे. त्यातही मध्यकाच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा शब्द परस्परविरोधी ठरतात, आणि टोकाचा शब्द मात्र मधल्याच्या पंगतीला बसतो.

पण जास्त घातक प्रकार पुढे आहे. दोन गुणधर्म एकमेकांशी निगडित असतील आणि दोन्ही कापले, तर ज्याचा काहीच परिणाम नाही त्याचाही परिणाम ‘सापडतो’. कृत्रिम डेटात मी फक्त अनपेक्षितपणाचा परिणाम घातला होता, वारंवारतेचा शून्य. कापल्यावर दोघांचेही परिणाम उगवले. विद्यार्थी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानेच यादृच्छिक आकड्यांचं बीज बदलून, म्हणजे नवा कृत्रिम डेटा घेऊन, पुन्हा चालवून पाहिलं. तेच.

९ जून

आजचा दिवस घड्याळं जुळवण्यात गेला. ध्वनी वाजवणारा संगणक आणि ईईजीचा ॲम्प्लिफायर यांची घड्याळं वेगळी असतात. दर दहा लाखांत शंभराचा फरक म्हणजे कागदावर नगण्य. पण दहा मिनिटांच्या भागाच्या शेवटी तो ६० मिलिसेकंद होतो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एकच खूण असेल तर पहिलं वाक्य जागेवर आणि शेवटचं सरकलेलं. एन४०० रुंद असल्याने तग धरेल, पण ध्वनीला मिळणारे १०० मिलिसेकंदांच्या आसपासचे प्रतिसाद पुसून निघतील.

सुदैवाने रेकॉर्डिंगच्या वेळी ध्वनीची एक तार थेट ॲम्प्लिफायरच्या जादा चॅनलला दिली होती. तो चॅनल आणि मूळ फाइल यांचा क्रॉस-कोरिलेशन (किती सरकवलं की दोन्ही जुळतात ते) तुकड्या-तुकड्याने काढला, आणि घसरण सरळ रेषेत निघाली. ताणून बसवली. कानातल्या इअरफोनची हवेची नळी सुमारे एक मिलिसेकंद उशीर करते. ते सोडून दिलं.

१२ जून

पाया रचायचा तो ध्वनीपासून. आवाजाची कमी-अधिक तीव्रता दाखवणारा एन्व्हलप आणि तीव्रता एकदम चढते त्या जागा, अशी दोन फीचर्स, म्हणजे मॉडेलला पुरवायचे गुणधर्म. ईईजीचं भाकित करणाऱ्या मॉडेलमध्ये ही नसतील तर पुढचं सगळं संशयास्पद. शब्दाची सुरुवात म्हटली की बहुधा आवाजही चढतो. मग मेंदूने शब्दाला दाद दिली की आवाजाला, हे कसं कळणार?

आता शब्दांच्या फीचर्सचे आपसातले संबंध. लांब शब्द कमी वापरात असतात, कमी वापरातले शब्द कमी अपेक्षित असतात. हे कुठल्याही भाषेत. आपल्याकडे भर म्हणजे क्रियापद शेवटी. वाक्य जसजसं पुढे सरकतं तसतशी कल्पना पक्की होत जाते, आणि शेवटचं ‘होता’, ‘गेली’, ‘लागला’ बरेचदा आधीच कळलेलं असतं. म्हणजे अनपेक्षितपणा वाक्यातल्या स्थानाशीही बांधलेला. स्थान हे फीचर म्हणून घेतलं, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाला वेगळी खूण केली, कारण त्यानंतर शांतता असते आणि शांततेचाही प्रतिसाद असतो.

बैठकीत एक जुनी सूचना पुन्हा आली: वारंवारतेतून लांबीचा वाटा वजा करून उरलेला भाग वापरा, म्हणजे गुंता सुटेल. सुटत नाही. वारंवारतेचा उर्वरित भाग लांबीसोबत मॉडेलमध्ये टाकला, तर वारंवारतेचा सहगुणक आधी होता तोच येतो, दशांशापर्यंत. बदलतो तो लांबीचा. दोघांमधला सामाइक वाटा गुपचूप लांबीच्या पदरात पडतो. हे बीजगणित आहे, मताचा प्रश्न नाही. सामाइक वाटा कुणाचा, हे डेटा सांगत नाही, आणि आपण ठरवून टाकलं तर तसं लिहायला हवं. फीचर्स आहेत तशीच एकत्र ठेवायची आणि प्रत्येक जण इतरांच्या उपस्थितीत किती भर घालतो ते पाहायचं, असं ठरलं.

१७ जून

वारंवारता. लॉग घेतलाच पाहिजे. दहा लाख शब्दांत १ वेळा आणि १० वेळा यांतलं अंतर १,००० आणि १,००९ यांतल्या अंतराएवढं नसतं. झिप्फ मापनी घेतली: दहा लाखांत एकदा येणारा शब्द ३ वर, हजार वेळा येणारा ६ वर.

अडचण प्रत्ययांची. ‘घर’ हवा तितका सापडतो, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ कॉर्पसमध्ये, म्हणजे मोजणीसाठीच्या मजकूरसंग्रहात, एकदाही नाही. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून एक मिळवून काम भागतं, पण ऐकणाऱ्याला हा शब्द मुळीच अनोळखी नाही. त्यामुळे दोन आकडे ठेवले: अख्ख्या रूपाची वारंवारता आणि मूळ शब्दाची. मूळ शब्द काढणारं साधन काही ठिकाणी अडखळलं. यादी हाताने तपासतोय. कंटाळवाणं काम, पण यादी वाचताना कथेतलं एकूण एक शब्दरूप डोळ्यांखालून जातं, आणि ते पुढे उपयोगी पडलं.

२३ जून

अनपेक्षितपणाचं माप म्हणून सरप्रायझल. मागचा मजकूर दिला असता पुढच्या शब्दाची संभाव्यता काढायची, तिचा दोनाच्या पायाचा लॉग घेऊन चिन्ह उलटं करायचं. आठात एक शक्यता म्हणजे ३ बिट, हजारात एक म्हणजे जवळपास १०. पूर्वी ही संभाव्यता माणसांकडून घेत: वाक्य अर्धवट ठेवून ‘पुढे काय?’ असं विचारायचं. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली क्लोझ पद्धत त्याच कुळातली. चांगली पद्धत, पण पन्नास जणांना विचारून दहा हजारात एक येणाऱ्या शब्दाची शक्यता मोजता येत नाही. तिथे भाषामॉडेल, म्हणजे मागच्या मजकुरावरून पुढचा शब्द वर्तवणारा प्रोग्राम, लागतं.

मॉडेल शब्द तोडून घेतं. बाइटच्या पातळीवर तोडणाऱ्यांचं देवनागरीशी जमत नाही, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे काही ठिकाणी तुकडा काना-मात्रेच्याही आतून जातो. बेरीज मात्र चुकत नाही: तुकड्यांचे सरप्रायझल मिळवले की शब्दाचा सरप्रायझल मिळतो, कारण संभाव्यतांचा गुणाकार लॉगमध्ये बेरीज होतो.

मॉडेल केवढं घ्यायचं? ‘मिळेल तेवढं मोठं’ हे उत्तर इथे चालत नाही. वाचनाच्या वेगावरच्या अभ्यासात असं दिसलंय की फार मोठ्या मॉडेलांचा सरप्रायझल माणसांशी उलट कमी जुळतो. त्यांनी इतकं वाचलेलं असतं की दुर्मीळ नावंही त्यांना अपेक्षित वाटतात; ऐकणारा मात्र त्याच नावाला थबकतो. मध्यम आकाराचं मॉडेल घेतलं आणि निवड विश्लेषणाआधी लिहून ठेवली. चार मॉडेलं चालवून ज्याचा एन४०० छान दिसतो ते निवडायचं, हा मोह फार जवळचा असतो.

२७ जून

आजची नोंद लांबणार.

सलग विश्लेषणात प्रत्येक शब्दासाठी वेळेच्या रेषेवर एक उभी रेघ मारतात: उंची म्हणजे सरप्रायझल, बाकी सगळीकडे शून्य. आम्ही तिला काटा म्हणतो. आजवरचा रिवाज: काटा शब्दाच्या सुरुवातीला लावायचा. डोळ्यांसमोर एकदम अख्खा शब्द दाखवला तर हे रास्तच आहे. ऐकण्यात शब्द एकदम येत नाही.

आमच्या कथेत ‘विचारल्याशिवाय’ हा शब्द आहे. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बसलो. सुरुवातीपासून सुमारे तिसऱ्या हिश्शापर्यंत ‘विचार’. इथे ऐकणाऱ्यापुढे कितीतरी वाटा आहेत: विचारलं, विचारतो, विचारायला, शिवाय नाम असेल तर विचारांनी, विचारात. ‘ल्या’ आल्यावर नाम बाद झालं. ‘शि’ आल्यावर जवळपास एकच वाट उरली, आणि ‘वाय’ ऐकेपर्यंत ऐकणारा पुढच्या शब्दाच्या तयारीत. आपण मात्र या सगळ्या माहितीची बेरीज करून एकच उंच काटा ‘वि’वर लावतो. अर्ध्या सेकंदाने कळणारी गोष्ट मेंदूला आत्ताच कळली असं मॉडेलला सांगतो. मग लांब प्रत्ययांच्या शब्दांना प्रतिसाद ‘उशिरा’ आल्यासारखा दिसला, तर तो उशीर मेंदूचा की काट्याचा?

इंग्रजीवरच्या कामात हा प्रश्न नाही असं नाही. तिथे एकेका ध्वनीचा सरप्रायझल, म्हणजे आतापर्यंत ऐकलेल्या ध्वनींवरून पुढचा ध्वनी किती अनपेक्षित, असंही माप वापरतात. पण तिथले बरेचसे शब्द इतके आखूड असतात की शब्दाचा काटा सुरुवातीला लावला तरी फार फरक पडत नाही. आपल्याकडे शब्दाच्या शेवटी अर्धं व्याकरण लटकलेलं असतं.

तीन पर्याय टेबलावर. एक, सगळं सुरुवातीला. दोन, मूळ शब्दाचा सरप्रायझल सुरुवातीला आणि प्रत्ययाचा, मूळ शब्द दिला असता, प्रत्यय सुरू होतो तिथे. बेरीज तीच राहते, फक्त वाटणी बदलते. तीन, प्रत्येक ध्वनीवर एक काटा. तिसरा सर्वांत प्रामाणिक, पण त्यासाठी उच्चारांचा कोश हवा, त्यातल्या दुर्मीळ रूपांच्या शक्यता अंदाजाने भराव्या लागतील, आणि ध्वनींचे काटे आवाजाच्या चढउतारात इतके मिसळतील की वेगळे काढणं कठीण. पहिल्या आणि दुसऱ्याची तुलना करायची, तिसरा राखून ठेवायचा.

भाषाशास्त्राची बाजू सांभाळणारी म्हणाली, "अरे, पण मूळ शब्द बदलतो त्याचं काय? ‘घरा’ ऐकल्यावरच कळतं की पुढे काहीतरी येणार." बरोबर आहे. ‘घर’चं ‘घरा’ झालं की विभक्ती वा शब्दयोगी अव्यय येणार हे नक्की. म्हणून प्रत्ययाची सुरुवात सामान्यरूपाच्या स्वरापासून धरायची ठरली. हाताने खुणा करायच्या शब्दांची यादी तिने घेतली.

४ जुलै

मॉडेल चालवलं. वाचनात दर सेकंदाला साधारण दोन-तीन शब्द पडतात, आणि एका शब्दाचा प्रतिसाद पाऊण सेकंद रेंगाळतो. म्हणजे कुठल्याही क्षणी दोन-तीन शब्दांचे प्रतिसाद एकमेकांवर चढलेले असतात. शब्दागणिक तुकडे कापून सरासरी काढायची नेहमीची रीत इथे टिकत नाही. त्यातही शब्दाआधीच्या २०० मिलिसेकंदांची आधाररेषा वजा करायची म्हणजे मागच्या शब्दाचा एन४०० उलट्या चिन्हाने या शब्दात मिसळायचा. म्हणून टीआरएफ (टेम्पोरल रिस्पॉन्स फंक्शन): उद्दीपकाचा प्रत्येक गुणधर्म पुढच्या प्रत्येक क्षणी ईईजीमध्ये किती उतरतो याचे सहगुणक एकाच रिग्रेशनमध्ये काढायचे, म्हणजे चढलेले प्रतिसाद आपोआप सुटे होतात.

१२८ हर्ट्झला (सेकंदाला १२८ नोंदी), उणे १०० ते ८०० मिलिसेकंदांच्या खिडकीत, एका फीचरसाठी ११६ सहगुणक. सहा फीचर्स धरली तरी दर इलेक्ट्रोडमागे सुमारे ७००. शेजारचे सगळे एकमेकांशी बांधलेले. आवर घातल्याशिवाय रिग्रेशन गोंगाटच शिकतं, म्हणून रिज, म्हणजे मोठ्या सहगुणकांना दंड लावणारं रिग्रेशन. आवर किती घट्ट, म्हणजे लॅम्डा किती, हे कथेचा एकेक भाग बाजूला ठेवून त्या न पाहिलेल्या भागाच्या भाकितावरून ठरवलं.

एक खाचखळगा इथे नोंदवून ठेवतो, कारण सूचनापत्रकांत हा ओझरताच येतो. एन्व्हलप प्रत्येक क्षणी भरलेला असतो, काटे विरळ असतात. दोघांना एकच लॅम्डा लावला तर आवर सारखा बसत नाही. विरळ फीचर जास्त दबतं. मग ‘सरप्रायझलचा परिणाम छोटा आहे’ हा निष्कर्ष भाषेबद्दल नसून दंडाबद्दल असू शकतो. फीचर्सच्या गटांना वेगवेगळे लॅम्डा दिले. गणन चांगलंच मंदावलं. रात्रभर चालू ठेवलंय.

५ जुलै

अपेक्षेप्रमाणे एन्व्हलपचा प्रतिसाद ठसठशीत. सरप्रायझलचा वक्र ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, डोक्याच्या मध्य-मागच्या भागात, ऋण. दिसायला देखणा. दिसण्यावर जायचं नाही.

१० जुलै

भाकित आणि खरा ईईजी यांतला सहसंबंध अशा कामात इवलासा असतो, शून्य दशांश शून्य काहीतरी. नवख्याला तो पाहून धक्काच बसतो. पण ईईजीचा बहुतांश भाग कथेशी संबंधितच नसतो, त्यामुळे आकडा मोठा असता तरच काळजी वाटली असती. तुलना महत्त्वाची: सरप्रायझलसकट मॉडेल विरुद्ध त्याच्याविना मॉडेल, मॉडेलला न दाखवलेल्या भागावर.

तीही पुरेशी नाही, म्हणून फेरफारही केले. काटे जागच्या जागी, फक्त त्यांच्या उंच्या शब्दांमध्ये पिसायच्या. शब्द कधी सुरू झाला ही माहिती शाबूत राहते, तो किती अनपेक्षित होता एवढीच नष्ट होते. खऱ्या उंच्यांनी पिसलेल्यांवर मात केली तरच सरप्रायझलबद्दल बोलायचं. पिसतानाही एक पथ्य: जवळपास सारख्या लांबीच्या शब्दांतच अदलाबदल. नाहीतर लांबीचं श्रेय सरप्रायझल लाटतो. मात झाली, बहुतेक श्रोत्यांत. थोड्यांत नाही.

लिहिताना आणखी एक काळजी. क्लस्टर-परम्युटेशन चाचणी (लागोपाठच्या क्षणांतले आणि शेजारच्या इलेक्ट्रोडवरचे फरक गटाने तपासणारी) सार्थ आली की ‘परिणाम ३१२ मिलिसेकंदांना सुरू होतो’ असं लिहायचा हात शिवशिवतो. चाचणी तसं सांगत नाही. कुठेतरी फरक आहे इतकंच ती सांगते. क्लस्टरच्या कडा हा निष्कर्ष नव्हे.

१५ जुलै

सरळ रेषा पुरते का? सरप्रायझल वापरणं म्हणजेच लॉगचा आकार गृहीत धरणं. वाचनाच्या वेळांत तो आकार चांगला बसतो असं २०१३ मध्ये स्मिथ आणि लेव्ही यांनी दाखवलं, पण एन४०० ने त्याच वाटेने जावं असा नियम नाही. कच्ची संभाव्यताही फीचर म्हणून घालून पाहणार, आणि स्प्लाइन, म्हणजे हवी तशी वळणारी रेषा, लावून वक्राला मोकळं सोडून.

याच विषयावर विद्यार्थ्याला वाचायला दिलं: २००५ मध्ये डीलाँग आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी ‘अ’ आणि ‘ॲन’ या उपपदांवर सलग संभाव्यतेचा परिणाम दाखवला होता, आणि त्यावर शब्द येण्याआधीच मेंदू त्याचं ध्वनिरूप वर्तवतो असा मोठा दावा उभा राहिला. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून ३३४ जणांवर तो प्रयोग पुन्हा केला. नामाचा परिणाम ठणठणीत आला, उपपदाचा तसा आला नाही. सलग माप वापरलं म्हणून निष्कर्ष भक्कम होत नाही. मूळ प्रयोगात शब्दांचे संभाव्यतेनुसार कप्पे करून, वाक्यांची आणि वाचकांची सरासरी काढून मग सहसंबंध घेतला होता. नंतरच्यांनी एकेका वाक्याच्या, एकेका माणसाच्या पातळीवर मिक्स्ड मॉडेल (माणसामाणसांतला आणि वाक्यावाक्यांतला फरकही हिशेबात धरणारं) चालवलं. वाक्यावाक्यांतला फरक सरासरीत बुडवला की थोड्या वाक्यांचा योगायोग नियमासारखा दिसतो.

२१ जुलै

दोन काट्यांचं मॉडेल. प्रत्ययाचा सरप्रायझल प्रत्ययाच्या जागी लावल्यावर मॉडेलला न दाखवलेल्या भागाचं भाकित किंचित सुधारलं, आणि मूळ शब्दाचा वक्र अरुंद झाला. मागे जी उशिराची शेपटी दिसत होती ती बरीचशी गेली. गटात उत्साह.

माझा हात अजून आखडता आहे. कारण १२ जूनच्याच कुळातलं. या कथेत प्रत्यय असलेले शब्द जवळपास नेहमीच लांब आहेत, आणि दुसरा काटा म्हणजे लांब शब्दाच्या मध्यावरचा काटा. तिथे कुठलाही काटा लावला तरी भाकित सुधारेल का? पडताळा म्हणून प्रत्यय नसलेल्या लांब शब्दांच्या मध्यावर, सरासरी उंचीचे काटे लावून पाहिले. असे शब्द या कथेत फारच थोडे निघाले. उत्तर कुठल्याच बाजूला झुकत नाही. पिसण्याची चाचणीही दुबळी, कारण तेच चार-पाच प्रत्यय पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्या उंच्या एकमेकांजवळच आहेत.

तेव्हा दुसरी कथा लागेल. निवडताना दोन गोष्टी पाहायच्या: प्रत्ययाविना लांब शब्द पुरेसे, आणि आखूड शब्दांना लागलेले अनपेक्षित प्रत्यय पुरेसे. मजकूर मुद्दाम लिहून घ्यायचा नाही, लिहून घेतलेलं वाचताना लगेच कळतं. भाषाशास्त्रवाली आठ-दहा उतारे मोजून देणार आहे. मी तोवर लांबी आणि प्रत्ययाचा सरप्रायझल यांचा सहसंबंध किती असला तर दोघं सुटे करता येतील, ते कृत्रिम डेटावर काढून ठेवतो.